किटली कोरी ठेवा

सिंगापूरला सुट्टीवर गेलो असताना मी तिथल्या सहा-सात मराठी आजी-आजोबांना राष्ट्राध्यक्षाच्या निवडणुकीत मत कसं द्यायचं ते शिकवलं, आणि चुकीचं शिकवलं. ज्या उमेदवारासाठी माझा मावसभाऊ जिवाचं रान करत होता, त्याची मतं मी प्राटा, म्हणजे तिथला पराठा, चावत चावत समोरच्याला देऊन टाकली. असं काही शिकवायचा मला अधिकारही नव्हता, कारण मी तिथला नागरिक नाही. अंगात जो प्रचाराचा टी-शर्ट होता तोही माझा नव्हता.

नाशिकला परतल्यापासून जो तो विचारतो, काय काय पाहिलंस? तो सिंहाच्या तोंडाचा आणि माशाच्या शेपटीचा पुतळा पाहिलास का? गच्चीवर जहाज ठेवलेलं हॉटेल पाहिलंस का? यातलं मी काही पाहिलेलं नाही. मी सगळा वेळ माझ्या मावसभावाकडे पाहत होतो आणि जळत होतो. निवडणूक कोण जिंकलं तेही इथे सांगणार नाही, ते पेपरात येऊन गेलं. स्थळदर्शन हवं असेल त्यांनी दुसऱ्या कुणाला तरी गाठावं.

बुकित बातोक

निनाद, म्हणजे आमचा निनू, माझ्यापेक्षा थोडासाच लहान. दहा वर्षांचा होईपर्यंत तो नाशकात आमच्याच गल्लीत वाढला. मग काकांना सिंगापूरच्या बँकेत नोकरी लागली, सगळे तिकडे गेले आणि यथावकाश तिथलेच नागरिक झाले. निनू गेला तेव्हा आमच्या दोघांतला पुढारी कोण याबद्दल गल्लीत दुमत नव्हतं. क्रिकेटच्या भांडणात मी बोलायचो आणि निनू माझ्या मागे उभा राहून नाक पुसायचा. पुढे मी कॉलेजात निवडणूक लढवली. पडलो. नंतर तीन वेळा वेगवेगळ्या उमेदवारांसाठी भोंग्याच्या रिक्षात बसून घसा फोडला. तिघेही पडले. पण अनुभव तो अनुभव.

मावशीने दार उघडलं तेच निनूचं नाव घेऊन.

"ये रे पराग. निनू नाहीये हं घरी. प्रचाराला गेलाय. त्याला हल्ली वेळच नसतो."

'त्याला वेळच नसतो' हे वाक्य माझ्या आईने शेजाऱ्यांसमोर माझ्याबद्दल म्हणावं, अशी माझी फार जुनी इच्छा आहे. आई म्हणते, "त्याला काय, वेळच वेळ आहे."

मावशीचा फ्लॅट बुकित बातोक भागात, अकराव्या मजल्यावर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बाहेर बांबू काढलेले आणि त्यावर कपडे वाळत घातलेले. खालून पाहिलं तर अख्ख्या इमारतीला पताका लावल्यासारखं दिसतं. पलीकडे हिरवीगार टेकडी आणि जुन्या खाणीत साठलेलं तळं. मी ते तळं पाहायला वाकलो आणि दिसले ते बांबूवरचे तीन जांभळे टी-शर्ट. तिन्हींच्या छातीवर पांढरी किटली.

"हे काय गं? चहाचं दुकान काढलं का निनूने?"

"निशाणी आहे ती. दोघेच उभे आहेत या खेपेला. निनूच्या साहेबांची किटली, दुसऱ्यांची होडी."

"पण मावशी, निनूला चार लोकांत बोलता तरी येतं का?"

"नाही रे. पण जातो."

पहिली कळ मला तिथे आली. आपल्याकडे राष्ट्रपतीची निवडणूक आमदार-खासदार आपापसात उरकून घेतात. आपण टीव्हीसमोर शेंगा खात आकडे बघायचे. माझ्यासारख्या जातिवंत कार्यकर्त्याला राष्ट्रपतीच्या प्रचारात साधा झेंडा धरायला मिळालेला नाही, मिळणारही नाही. आणि हा नाक पुसणारा निनू थेट राष्ट्राध्यक्षाचा माणूस!

संध्याकाळी तो आला. उंच झालेला, उन्हाने रापलेला, अंगात चौथा जांभळा टी-शर्ट.

"पराग! तू आला! मज्जा!"

निनूचं मराठी दहाव्या वर्षी विमानात बसलं ते तिथेच थांबलं. सव्वीस वर्षांचा सॉफ्टवेअर इंजिनिअर 'मज्जा' म्हणतो आणि 'टुक टुक' असं चिडवतोही.

"काय करतोस प्रचारात?" मी विचारलं.

"लिफ्टने वर जातो. मग जिन्याने खाली येतो. सगळ्या दारांना टकटक."

"लोक काय म्हणतात?"

"काही लोक कागद घेतात. काही लोक दार लावतात. मग मी थँक यू बोलतो."

"दार लावल्यावर कुणाला थँक यू?"

"दाराला."

मी पोट धरून हसलो. मावशी हसली नाही. तिने त्याच्या पानात आणखी एक पोळी वाढली, आणि तूप त्याच्याच पोळीवर जरा जास्त पडलं. अशा गोष्टी मला बरोबर दिसतात.

वन-नॉर्थ, आणि तुआस चुकून

निनूचं ऑफिस वन-नॉर्थला आहे. काचेच्या इमारती, मधे झाडं, गळ्यात पट्टे अडकवलेली तरुण मंडळी. ऑफिसं सुटल्यावर त्याच्या गटातले स्वयंसेवक तिथल्या फूड कोर्टात जमत. मीही गेलो. मनात म्हटलं, यांना जरा दाखवू प्रचार कशाला म्हणतात.

गटाच्या प्रमुख सिउ लिंग. पन्नाशीच्या, आखूड केसांच्या, पूर्वी शाळेत शिकवायच्या. माझ्याकडे चष्म्यावरून पाहून त्यांनी एकच प्रश्न केला.

"यू सिटिझन?"

"नो मॅडम, इंडियन. बट आय हॅव एक्सपीरियन्स."

"एक्सपीरियन्स कॅनॉट. यू सिट देअर, ईट फर्स्ट."

निनूने समजावलं की तिथे परदेशी माणसाने प्रचारात कसलाही भाग घ्यायचा नाही. कागद वाटायचा नाही, घोषणा द्यायची नाही, टी-शर्ट घालायचा नाही. मला कायद्याने फक्त खायची मुभा होती. मी ती बजावली. पाटीवर 'कॅरट केक' वाचून गोडाच्या आशेने मागवला, तर आलं अंड्यात परतलेलं, तिखट, मुळ्याचं काहीतरी. गाजराचा मागमूस नाही. नाव एक आणि आत दुसरंच, हे मी उमेदवारांच्या बाबतीत पाहिलं होतं, खाण्याच्या बाबतीत पहिल्यांदाच. पण चविष्ट होतं. आणखी एक मागवला.

शेजारच्या टेबलावर बैठक चालली होती आणि ती ऐकून माझा जीव कासावीस होत होता. दिव्याच्या खांबावर फलक जमिनीपासून किती उंच बांधायचा, यावर ही माणसं चर्चा करत होती. कुणी कुणाचा फलक फाडत नव्हतं. शेवटी मला राहवेना. मी निनूला खुणेने बोलावलं आणि कानात म्हटलं, "अरे, साहेब आले की जेसीबीतून फुलं उधळा. ढोल लावा. बघ माहोल कसा होतो."

मला वाटलं होतं तो हे स्वतःचं म्हणून सांगेल. त्याने "माय कझिन सेज" म्हणून जसंच्या तसं इंग्रजीत केलं. मग एका मुलीने काळजीने विचारलं, "जेसीबी फॉर व्हॉट? समथिंग कोलॅप्स, इझ इट?"

मी खाली मान घालून मुळा शोधू लागलो.

बैठकीच्या शेवटी सिउ लिंग बाईंनी जाहीर केलं की मतदानाच्या दिवशी निनू साहेबांचा पोलिंग एजंट म्हणून केंद्रात बसेल. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. निनूचे कान लाल झाले. सर्वांत मोठ्याने टाळ्या मी वाजवल्या. माणूस जळत असला की टाळी फार कडक वाजते.

स्टेशनकडे चालताना तो म्हणाला, "पराग, ते केंद्र माझ्या शाळेत आहे. आम्ही इंडियाहून आलो ना, तेव्हा त्या शाळेत मी सहा महिने कुणाशी बोललो नाही. एक शब्द पण नाही. मी डबा खायचा आणि भिंतीकडे बघायचा. आता मी त्याच हॉलमध्ये बसणार. साहेबांच्या बाजूने."

एवढं मोठं वाक्य मी त्याच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. खरं तर मी त्याला तिथेच मिठी मारायला हवी होती. मी म्हणालो, "बसायचंच काम आहे ना? मग जमेल तुला."

तो पुढे दारं ठोठावायला गेला, मी एकटा घरी निघालो. गाडीत फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर मावशीने निनूचा साहेबांबरोबरचा फोटो टाकलेला. खाली बदामांची रांग. माझ्या आईने दोन बदाम टाकलेले. माझ्या इंजिनिअरिंगच्या निकालाला तिने एक अंगठा दाखवला होता. ते बदाम कुणी कुणी टाकले ते मी इतकं मन लावून वाचत होतो की गाडी बदलायचं स्टेशन कधी गेलं कळलंच नाही. डोकं वर केलं तेव्हा डबा रिकामा होता आणि बाहेर तुआस. शेवटचं स्टेशन. कारखाने, क्रेनच्या रांगा, हेल्मेट काखोटीला मारून परतणारी माणसं, वाऱ्याला समुद्राचा आणि तेलाचा वास. सिंगापूरचं एवढं एक टोक मी पाहिलं, तेही निनूमुळेच.

मार्केट

प्रचाराचा शेवटचा दिवस उजाडला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांनी गप्प बसायचं असतं, तिसऱ्या दिवशी मतदान. मला ती गप्प बसण्याच्या दिवसाची कल्पना इतकी आवडली की आपल्याकडे ती वर्षभर लागू करावी असं वाटलं. अर्थात माझ्यापासून सुरुवात झाली असती तर पुढचं टळलं असतं.

निनू सकाळीच गटाबरोबर घराजवळच्या मार्केटच्या पलीकडच्या बाजूला गेला होता. मला भूक लागली होती. माझे सगळे शर्ट ओले होते. हे मी मावशीलाही सांगितलं आणि तुम्हालाही सांगतो, पण खरं तर एक शर्ट बऱ्यापैकी वाळला होता. मी बांबू आत ओढला आणि जांभळा टी-शर्ट चढवला. आरशात पाहिलं. किटली मला निनूपेक्षा शोभत होती. छाती भरलेली आहे माझी. छातीखालचंही.

मार्केटला लागूनच खाण्याचे गाळे आहेत, त्याला तिकडे हॉकर सेंटर म्हणतात. कॉफीच्या गाळ्यावर पुढचा माणूस ऐटीत "कोपी ओ कोसोंग" म्हणाला, म्हणून मीही ऐटीत तेच म्हणालो. मिळाली ती काळी, बिनसाखरेची, कडू कॉफी. ती आणि दोन प्राटे घेऊन बसलो. पहिलाच घास बुडवताना रस्सा उडाला आणि नेमका किटलीच्या नळीवर पडला.

"आई गं!" मी ओरडलो.

"अगोबाई, मराठी दिसतोय," मागून आवाज आला.

वळून पाहिलं तर सहा-सात मराठी म्हातारी माणसं. पुढे एक ठेंगणी, पांढऱ्या बॉबकटची, पायांत पळायचे बूट घातलेली आजी. या दामले आजी. त्यांच्या शेजारी क्रिकेटची टोपी घातलेले आजोबा.

"कुठला रे तू?" आजींनी विचारलं.

"नाशिकचा. म्हणजे... इथलाच."

"प्रचारात आहेस वाटतं?" आजोबांनी किटलीकडे बोट केलं.

इथे 'नाही' हा छोटासा शब्द होता. दोन अक्षरी, मला येतही होता. पण इतके दिवस मी गप्प बसून होतो. माझ्या भाषेत, माझ्याकडे तोंड करून, हातात ट्रे घेऊन इतकी माणसं उभी होती. आणि पलीकडे कुठेतरी निनू लोकांकडून शाबासकी घेत होता. मी उठून उभा राहिलो.

"आजी-आजोबा! देशाची धुरा कुणाच्या हाती द्यायची हे तुमच्या हातात आहे!"

भोंग्याच्या रिक्षातला सूर आपोआप लागला. साहेबांचं चारित्र्य, साहेबांची साधी राहणी, साहेबांची कष्टाळू तरुण फळी (इथे मी किटलीवर हात ठेवला), सगळं झालं. प्राटे संपले तरी भाषण संपेना. मग मी मतदानावर आलो. मला एवढंच ठाऊक होतं की मशीन नाही, कागद मिळतो आणि पेन मिळतं.

"कागदावर दोन चित्रं असतील. एक किटली, एक होडी. आता सांगा, आपल्याला जे नको असतं त्यावर आपण काय मारतो?"

"फवारा," टोपीवाले आजोबा म्हणाले.

"फुली मारतो, आजोबा, फुली! होडीवर फुली मारायची. चांगली ठळक. आणि किटलीला हात लावायचा नाही. किटली कोरी ठेवायची."

"किटली कोरी?" दामले आजींनी विचारलं. "अगदी कोरी?"

"अगदी."

"म्हणजे बिनदुधाची."

सगळे हसले. मग सगळ्यांनी एका तालात माना डोलावल्या. इतका गुणी श्रोतृवर्ग मला आयुष्यात मिळाला नव्हता. "समजलं रे बाळा, समजलं. तू जा आता, तुला कामं असतील," आजी म्हणाल्या. मी तरंगत निघालो. ट्रे उचलून नेऊन ठेवला. तिथे टेबलावर ट्रे सोडून जाणं नियमाविरुद्ध आहे. त्या दिवशी मी पाळलेला नियम तेवढाच.

निनू मार्केटच्या दुसऱ्या दारापाशी भेटला. मी लांबूनच ओरडलो, "घे! एका दमात अख्खी टोळी फिरवली तुझ्या साहेबांकडे!" आणि सगळं सांगितलं.

त्याने आधी माझ्या अंगातल्या टी-शर्टकडे पाहिलं, मग रश्श्याच्या डागाकडे, मग माझ्याकडे.

"पराग," तो हळू म्हणाला, "इथे फुली म्हणजे हो."

"काय?"

"ज्याला मत द्यायचं, त्याच्या पुढे फुली. फुली म्हणजे हो. तू त्यांना होडीला मत द्यायला सांगितलं."

आता मला सांगा, यात माझं काय चुकलं? मराठी माणसाच्या जन्मात फुलीचा अर्थ एकच. गणिताच्या बाई मारायच्या ती फुली. नको असलेल्या स्थळावर मारतात ती फुली. ज्याच्या नावावर फुली पडली तो संपला. आणि इथे ज्याच्या नावापुढे सर्वांत जास्त फुल्या, तो राष्ट्राध्यक्ष! माझ्या शाळेतल्या वह्या दाखवल्या असत्या तर मी बिनविरोध निवडून आलो असतो.

मी हे निनूला ऐकवलं. तो हसला नाही.

"मला सिउ लिंगला सांगायला पाहिजे."

"वेडा आहेस का? कुणाला कळणार आहे? इतक्या मतांनी काय होतंय?"

"कळणार नाही," तो म्हणाला. "पण मी परवा तिकडे बसणार ना. बरोबर चाललंय का ते बघायला. मग?"

भोंग्याच्या रिक्षात असल्या प्रश्नाची सवय लागत नाही.

सिउ लिंग बाई फळवाल्याच्या गाळ्यापाशी उभ्या होत्या. निनूने खाली मान घालून सगळं सांगितलं, "माझी चूक" असं म्हणून सांगितलं. मी त्याच्या मागे उभा होतो. नाक पुसत होतो म्हटलं तरी चालेल. बाईंनी टी-शर्टकडे पाहून मला एक पिशवी दिली आणि स्वच्छतागृहाकडे बोट केलं. मी बाहेर आलो तो एका गाळ्यावरून विकत घेतलेल्या, आनंदी पांडाचं चित्र असलेल्या बनियनमध्ये. तोवर निर्णय झाला होता. साहेबांच्या कार्यालयाला कळवणं बाईंना भाग होतं. निनूचा पोलिंग एजंटचा पास त्यांनी तूर्त स्वतःकडे ठेवला. संध्याकाळपर्यंत त्या म्हाताऱ्यांना गाठून त्याने बरोबर काय ते सांगायचं, मग बघू.

"यू गो सेटल," त्या निनूला म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "यू, नो टॉकिंग."

ब्लॉकखाली

दामले आजींचा पत्ता कुणाला ठाऊक! "संध्याकाळी ब्लॉकखाली बसतोच आपण," असं त्यातलं कुणीतरी कुणाला तरी म्हणालेलं माझ्या कानावर पडलं होतं, तेवढाच धागा. बुकित बातोकमध्ये ब्लॉक म्हणजे इमारत, आणि जवळजवळ प्रत्येक इमारतीखाली मोकळा, सावलीचा तळमजला. चेहरे फक्त मला ठाऊक, बोलायची परवानगी फक्त त्याला. अशी आमची जोडी दुपारभर फिरली. एका ब्लॉकखाली पिंजऱ्यातले पक्षी गात होते आणि त्यांचे मालक डोळे मिटून ऐकत होते. एका ठिकाणी बुद्धिबळासारख्या चिनी खेळाभोवती गर्दी, आणि खेळणाऱ्यांपेक्षा बघणारे जास्त चिडलेले. उकाडा असा की पांडा माझ्या पोटाला चिकटला.

निनू एकदाही मला बोलला नाही. बोलला असता तर बरं वाटलं असतं. तो फक्त चालत होता आणि ओठांतल्या ओठांत काहीतरी घोकत होता. लक्ष देऊन ऐकलं तर तो मराठी वाक्यं जुळवत होता. "चूक सांगितलं... चुकीचं सांगितलं... चुकीचं."

मला पहिल्यांदा भीती वाटली. याला पास मिळाला नाही तर? तो हॉल, ती भिंत, तो डबा, सगळं आठवलं. आणि खरं सांगतो, त्या भीतीच्याही तळाशी एक नीच आवाज म्हणाला, मग आईचे बदाम परत घेता येतात का?

शेवटी एका ब्लॉकखालून खणखणीत आवाज आला. "मेंढी आहे माझ्याकडे! हुकूम काय आहे ते बघा आधी, मग ओरडा!" सिंगापुरात मेंढीकोट! दगडी टेबलाभोवती सगळी टोळी बसलेली. दामले आजींच्या हातात पत्त्यांचा पंखा, समोर चहाचा थर्मास.

मी निनूला कोपराने ढोसलं. तो पुढे झाला. घामाने निथळत होता.

"आजी... आजोबा... नमस्कार. मी निनाद. सकाळी माझ्या भावाने तुम्हाला चुकीचं सांगितलं. त्याला माहीत नव्हतं. तो पाहुणा आहे. इथे फुली म्हणजे हो. ज्याला मत द्यायचं, त्याच्यापुढे फुली. एकच फुली. आणि..." इथे तो अडला, "आणि कुणाला द्यायचं ते मी आता बोलणार नाही. तुम्हाला पाहिजे त्याला द्या. फक्त चुकून देऊ नका."

अरे, किटलीचं नाव तरी घे! मी त्याच्या मागून जिवाच्या आकांताने हातवारे केले. एक हात कमरेवर, दुसरा नळीसारखा वाकडा, आणि कमरेतून ओतल्यासारखा झुकलो.

"याला काय होतंय?" टोपीवाले आजोबा म्हणाले.

"चहा हवा असेल," आजी म्हणाल्या आणि थर्मासचं झाकण उघडलं. "बस, पांडोबा."

पण बाकी सगळं लक्ष निनूकडे. कुणी विचारलं, चुकून नको तिथे फुली पडली तर दुसरा कागद मिळतो का? निनूने सांगितलं, टाकायच्या आधी मागितला तर मिळतो. पत्ते खाली ठेवून ते ऐकत होते. त्याच्या प्रत्येक मोडक्या वाक्याला कुणीतरी "बरं बाळ" म्हणत होतं. शेवटी आजींनी उठून त्याचा चेहरा हातात घेतला. "कुणाचा रे तू? किती गोड बोलतोस!" मग बाकीच्यांकडे वळून, "आमची सई याच वयाची आहे नाही? वन-नॉर्थला असते." गोड बोलतोस! मी गेली दहा वर्षं घसा साफ करून बोलतोय, मला कुणी गोड म्हटलेलं नाही, आणि कुणाची सई तर त्याहून नाही.

निनूने तिथूनच सिउ लिंग बाईंना फोन लावला. फोन त्याने आजींकडे दिला, आजींनी सफाईदार इंग्रजीत दोन-तीन वाक्यं बोलून परत दिला. बाईंचा आवाज मलाही ऐकू आला, "ओके लाह. टुमॉरो कम, टेक युवर पास."

निनू मटकन खाली बसला. मग हसला, लहानपणी हसायचा तसा, सगळे दात दाखवत. मला इतकं हायसं वाटलं की मी पांडासकट त्याला मिठी मारली. आणि मिठी मारतानाच मनात आलं की हाही दिवस शेवटी याचाच झाला.

ते काही मला सहन होईना. मंडळींनी पत्ते पुन्हा हातात घेतल्यावर मी हळूच दामले आजींच्या शेजारी सरकलो.

"आजी, चूक झाली ती झाली. पण सकाळी माझंही तुम्ही इतकंच मन लावून ऐकलंत की. सगळे माना डोलवत होतात."

आजींनी पत्त्यांतून नजर काढली नाही. "अरे, आम्ही इथे तुझ्या जन्माच्या आधीपासून मतं देतोय. फुली कुठे मारायची ते तू येऊन शिकवणार?"

"काय?" मला चहाचा ठसका लागला. "मग आत्ता निनूला का सगळं सांगू दिलंत? प्रश्न काय विचारलेत!"

"तो बिचारा घामाघूम होऊन आम्हाला शोधत आला. त्याला नाही कसं म्हणायचं?"

"आणि मला?"

दामले आजींनी हुकमाचा पत्ता टेबलावर आपटला. "तुझं खाऊन झालं होतं आणि तू हलत नव्हतास. आम्हाला टेबल हवं होतं."